अठ्ठेचाळीस वर्षांची हरकत

१० ऑगस्ट, रविवार

सगळ्यांत आधी उतरली ती सुंदरी! गाडी नीट थांबली पण नव्हती. मागून पोरगं, त्याच्यामागं पोराचा बाप, पण आधी ती. केस पिकले, दोन-चार दात गेले, मान मात्र तशीच वर. चाल पण तीच — सगळी गल्ली आपल्यासाठीच सारवून ठेवली आहे अशी. मी चुलीपुढून बघितलं आणि हातातलं भजं कढईऐवजी राखेत पडलं.

अठ्ठेचाळीस वर्षं! तरी ओळखलं मी. तिनं पण ओळखलं. ओसरीवर टेकली आणि म्हणते कशी — "काय भिवराबाई, गुडघे तुमचे बी गेले का?" जशा काय आम्ही रोज एका आडावर पाणी भरतो!

आमच्या रोहिणीला बघायला आले होते. मधला माणूस एवढंच बोलला होता की गेवराईकडचे बागायतदार आहेत, गोदाकाठी चाळीस एकर, पोरगं एकुलतं एक. नाव सांगितलंच नाही मेल्यानं. सांगितलं असतं तर भज्यात मीठ मुठीनं घातलं असतं.

पोराचं नाव रविराज. त्रिंबकरावाचा नातू. त्रिंबकराव म्हणजे सुंदरीचा भाऊ, मागच्या साली वारला. ती विधवा झाली तेव्हापासून भावाच्याच घरी असते. हाच त्रिंबकराव एकदा मला बघायला आला होता आणि नको म्हणून गेला. आता त्याचा नातू माझ्या नातीच्या दारात! हल्ली बागायतदारांना पण पोरी मिळेनात. म्हणून दोन एकर कोरडवाहूवाल्याच्या, ऊस तोडायला जाणाऱ्याच्या ओसरीवर यावं लागलं. मला आतून असं हसू फुटत होतं की पदर तोंडात धरला.

पोरानं रोहिणीला दोनच गोष्टी विचारल्या. "पळायला एकटीच जाती का?" आणि "मोबाईल बघू." तिनं दिला. बराच वेळ अंगठ्यानं वर-खाली करत बसला. मला ते बरं वाटलं नाही, पण माझं ध्यान सुंदरीवर.

सुंदरी पोहे चिवडत म्हणाली, "पोलीस व्हायचंय म्हणं पोरीला?"

रोहिणी म्हणाली, "हो. मैदानी परीक्षा पास झाले. आता लेखी हाय, सप्टेंबरात."

पोराचा बाप, उत्तरेश्वर, लगेच बोलला, "आमच्यात सुना नोकरी करत न्हाईत. पेपर-बिपर ऱ्हाऊ द्या आता."

आणि माझा लेक परमेश्वर? नुसती मान हलवतोय नंदीबैलासारखी.

जाताना सुंदरीनं रोहिणीचा नंबर मागून घेतला, निरोपाला असू दे म्हणून. "महालक्ष्म्या उठल्या की येतो. सुपारी घेऊनच."

ये. येच तू!

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळपासून तेच डोक्यात. भाकरी दोनदा करपली. आज सगळं लिहूनच काढते, मग बरं वाटेल.

मी सतरा वर्षांची होते. दुसरी पास. तिसरीत गेले नाही कारण घरात शेळ्या होत्या आणि शेळ्यांना शाळा नव्हती. (लिहायला तर पार विसरले होते. रोहिणी तिसरीत गेली तेव्हा माझ्या हाताला धरून तिनं परत शिकवलं. तिच्या उरलेल्या वह्यांत लिहिते. ही विज्ञानाची आहे, मधेच बेडकाचं चित्र लागतं.)

तर त्रिंबक आला होता, त्याचा बाप, चुलते आणि ही सुंदरी, माझ्याच वयाची. तेव्हा आमच्याकडं मुलगी बघताना मुलाकडच्या बायका हुमाण घालायच्या. हुमाण म्हणजे कोडं. पोरगी शहाणी की खुळी ते त्यावरून ठरायचं. आणि रीत अशी की ज्याचं हुमाण त्याचाच निकाल. मुलीकडच्यांनी वाद घालायचा नाही. घातला की पोरगी तोंडाळ!

सुंदरीनं विचारलं, "नांगराला रुमणं, तर जात्याला काय?"

हे काय हुमाण झालं! रुमणं हातात धरल्याशिवाय नांगर चालत नाही, खुंटा हातात धरल्याशिवाय जातं फिरत नाही. मी म्हणलं, "खुंटा."

"चुकलं," ती म्हणाली. "पीठ."

पीठ!! माझी आई बघतच राहिली. मी तोंड उघडलं तर मावशीनं मागून असा चिमटा काढला की आठ दिवस काळं-निळं होतं. सुंदरी उठून बापाला म्हणाली, "पोरगी मठ्ठ हाय. आपल्यात न्हाई चालायची." बाप उठला, त्रिंबक उठला, केलेला शिरा तसाच राहिला.

मठ्ठ भिवरा! गावभर झालं. आडावर गेले की पोरी विचारायच्या, "भिवरे, घागरीला काय गं, पीठ का?" दोन वर्षं एक पाहुणा फिरकला नाही.

मग आप्पा मिळाले, रोहिणीचे आजोबा. कोरडवाहू, पण माणूस सोनं. तोडीवर माझ्या डोक्यावरची मोळी काढून आपल्या डोक्यावर घ्यायचे, मुकादम हसला तरी. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. आप्पा मिळाले ते चांगलंच झालं, पण त्यानं काही सुंदरीचं पाप फिटत नाही!

त्रिंबकरावाचं नंतर कानावर यायचं. पहिली बायको विहिरीवर पाय घसरून गेली. एक लेकरू ठेवून गेली, तोच हा उत्तरेश्वर. दुसरी बायको चार महिन्यांत माहेरी गेली ती आलीच नाही. ज्याचं त्याचं नशीब. बागायत मात्र चाळीस एकर!

१४ ऑगस्ट, गुरुवार

रोहिणी रोज पहाटे पालीच्या धरणापर्यंत पळून येते, आंघोळ करते आणि पुस्तक घेऊन बसते. आज पुस्तक आपटलं.

"आजी, गणित येतंय, मराठी येतंय. हे समसंबंधच येत न्हाईत. दहातले सहा चुकले."

"काय असतंय ते?"

"दोन शब्दांची जोडी देतात. त्यांचं एकमेकांशी काय नातं हाय ते ओळखायचं. मग तिसरा शब्द देतात. त्याला तसाच जोडीदार शोधायचा."

"वाच बघू."

"गाय, वासरू. तर शेळी?"

"करडू."

"घोडी?"

"शिंगरू. मेंढीला कोकरू. पुढं चल."

"सुताराला पटाशी, तर कुंभाराला?"

"चाक! अगं, हे तर हुमाण!"

माझी हुमाणं सरकारनं पुस्तकात छापली आणि मला कुणी सांगितलं नाही! मी तिला जात्याचं हुमाण सांगितलं. तिनं पुस्तकासारखं लिहून दाखवलं —

नांगर : रुमणं :: जातं : ?

दोन ठिपके म्हणजे एक सोयरीक. चार ठिपके म्हणजे दोन सोयरिकी समोरासमोर बसल्या. मला ते ठिपके लई आवडले. मी चार वेळा लिहून बघितलं. चारही वेळा खुंटाच येतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

वाटलं तेवढं सोपं नाही. आज माझेच चुकले.

पक्षी : घरटे :: माणूस : ? मी म्हणलं कोपी. रोहिणी म्हणाली चूक, घर. मी म्हणलं, "दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तुझे आई-बाप कशात ऱ्हातात? पाचटाच्या कोपीतच ना? मी वीस वर्षं राहिले."

खाण : कोळसा :: नदी : ? मी म्हणलं वाळू. पुस्तकात मासे. मी म्हणलं, "पुस्तकवाल्याला गेवराईला धाड. नदीतून ट्रॅक्टर भरून काय निघतं बघून ये म्हणावं!"

रोहिणी हसून हसून आडवी. मग म्हणाली, "आजी, तू आपलं गाव बघती. पेपरात सगळ्यांचं गाव असतंय. आधी पहिल्या जोडीचं एक वाक्य कर. पक्षी घरट्यात राहतो. मग तेच वाक्य, शब्द न हलवता, दुसऱ्या जोडीला लाव. माणूस कशात राहतो?"

"घरात," मी म्हणलं. म्हणायला काय जातंय.

वाक्य करायची युक्ती मात्र चांगली आहे. दिवसभर वाक्यं करत होते. बोराच्या आत आठोळी लपते. सुंदरीच्या आत काय लपतं? विष! बोर : आठोळी :: सुंदरी : विष. बरोबर की चूक? रोहिणी म्हणाली, "पर्यायात न्हाई, आजी."

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. आमच्याकडं बैल मातीचे. पुरण जमलं. विंचू : नांगी :: सुंदरी : जीभ. हे रोहिणीनं पण बरोबर दिलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज मी तिला शिकवलं! लिहून ठेवते, नाहीतर उद्या कुणी म्हणेल भिवरा मठ्ठ.

मध : मधमाशी :: दूध : ? तिनं धडकन दही लिहिलं. दही बरोबर वाटतंच. दूध आणि दही कायम शेजारी-शेजारी. मी म्हणलं, "अगं, शेजारी बसले म्हणून लगेच लग्न लावू नको. पहिल्या जोडीत कोण आधी बसलंय बघ. वस्तू आधी, देणारी नंतर. मध देणारी माशी. तर दूध देणारी कोण?"

"गाय."

"हां. आता दही कुठून काढलंस? सोयरीक उलटी लावली तर नवरदेव नांदायला जाईल आणि नवरी कर्जाला!" (हे शेवटचं उगंच म्हणलं, पण ती हसली.)

मग दहा सोडवले. नऊ बरोबर. काल सहा चुकायचे, आज एक! आमच्या खानदानात अजून कुणी दहातले नऊ बघितले नाहीत. मी उठून तिच्यावरून मीठ-मिरची उतरवली. ती म्हणते, "आजी, नजर कुणाची लागणार, म्हशीची?" सुंदरीची लागली असती, बाई.

२८ ऑगस्ट, गुरुवार

परमेश्वराशी भांडण झालं. गणपतीपुढं भांडायला नको होतं.

तो म्हणाला, "आई, माझं ठरलंय. ती येतील तवा मी सुपारी फोडणार."

मी म्हणलं, "पोरीचा पेपर चौदा तारखेला हाय. त्ये पेपर देऊ देणार न्हाईत."

"न्हाई तर न्हाई. दोन भरत्या झाल्या, काय लागलं हाताला? मैदानीत पास होऊन लेखीत पडणाऱ्या अशा छप्पन पोरी हायेत."

"आता नऊ बरोबर येतात तिचे!"

"नऊ!" तो हसला. मग एकदम हळू बोलला. "आई, माझ्या पोरीनं कोयता धरू न्हाई, एवढंच मला पायजे. मनिषाचा हात बघ. तुझा बघ. तिकडं चाळीस एकर, पक्का बंगला. तुझं जुनं भांडण माझ्या पोरीच्या ताटात कशाला वाढती?"

हात माझे मी बघितले. कोयत्याचे घट्टे अजून आहेत.

मनिषा, माझी सून, नवऱ्यापुढं बोलत नाही. पीठ मळत होती ते मळतच राहिली. रोहिणी दारात उभी होती. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजी, मला लग्न नको असं मी म्हणत न्हाई. फक्त पेपर देऊ द्या. एवढंच."

मी म्हणलं, "तू पेपर देणार." म्हणले खरं. या घरात माझं ऐकतं कोण? म्हैस ऐकते, ती पण वैरण असली तर.

३० ऑगस्ट, शनिवार

सुचलं! सुचलं! सुचलं!

त्यांच्याच रीतीनं त्यांना घालवते. पोरगं बसलं की मी म्हणणार — पाव्हणं, आमच्याकडं नवी रीत आहे, आम्ही नवरदेवाला हुमाण घालतो. नांगराला रुमणं, तर जात्याला काय? तो खुंटा म्हणो, पीठ म्हणो, नाहीतर चाळीस एकर म्हणो. मी म्हणणार — चुकलं! आणि उठणार. माझं हुमाण, माझा निकाल. परमेश्वर चार माणसांत आईला खोटं पाडायचा नाही. तेवढा वळणाचा आहे.

सुंदरीचं तोंड तेव्हा बघण्यासारखं होईल. तिच्या तोंडासाठीच हे करणार आहे. रोहिणीचा पेपर त्यात निघतो ही देवाची कृपा.

२ सप्टेंबर, मंगळवार

महालक्ष्म्या उठल्या. निरोप आला, परवा येतात.

गोठ्यात म्हशीपुढं सराव केला. चुकलं. नाही, असं पडेल आवाजात नको. चुक-लं! हनुवटी वर करून. सुंदरीनं कशी केली होती तशी. म्हशीनं कान हलवले. मनिषा शेण काढायला आली आणि म्हणाली, "आत्याबाई, काय चुकलं?" मी म्हणलं, "अजून काही न्हाई. परवा चुकणार हाय."

४ सप्टेंबर, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

अकराला आले. तेच तिघं. आज पण आधी सुंदरी उतरली. परमेश्वरानं नवा टॉवेल खांद्यावर टाकलेला, सदऱ्याच्या खिशात सुपारी. मी नऊवारी काढली होती आप्पांनी घेतलेली. चहा झाला. मनिषा पाणी द्यायला वाकली तर तांब्यातलं पाणी थोडं रविराजच्या पॅन्टवर सांडलं.

"दिसत न्हाई का गं?" तो ओरडला. होणाऱ्या सासूला! तांब्याला असा हात मारला की तांब्या अंगणात.

त्याचा बाप हसला. "डोकं गरम हाय जरा. आज्यावर गेलाय."

सुंदरीनं हातातली बशी खाली ठेवली.

परमेश्वर पण क्षणभर थांबला, पण मग खिशात हात घातला. आता नाही तर कधी! मी घसा साफ केला आणि म्हणलं, "पाव्हणं, आमच्याकडं एक —"

"थांबा भिवराबाई," सुंदरी मधेच बोलली. "सुपारीच्या आधी आमची रीत ऱ्हायली."

उत्तरेश्वर म्हणाला, "आत्या, आता कुठं हुमाण घालत्यात? जुनं झालं ते."

"रीत ती रीत. पोरी, अशी समोर बस. सांग, नांगराला रुमणं, तर जात्याला काय?"

तेच! शब्द न् शब्द तेच! मला वाटलं मी सतरा वर्षांची आहे आणि मागून मावशी चिमटा काढणार.

रोहिणीनं माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. शांतपणे म्हणाली, "खुंटा. दोन्ही हातात धरायची जागा हाय."

"चुकलं," सुंदरी म्हणाली. "पीठ."

आणि माझी नात, माझी वाघीण, गप्प बसली नाही. "पीठ कसं होईल आजी? तुमी नांगराला नांगरट म्हणला असता तर जात्याला पीठ आलं असतं. रुमण्याला खुंटाच."

"बघितलंस उत्तरेश्वर? उलट बोलती. सुपारी फुटली न्हाई तर ही तऱ्हा. उठ."

"आत्या, अवो जाऊ द्या की! पोरी मिळत न्हाईत —"

"मिळत न्हाईत तर ऱ्हाऊ दे तसाच. उठ म्हणते ना! या घरची पोरगी आपल्या घरात येणार न्हाई. मी जिती हाय तवर न्हाई."

उठले. रविराजनं आमच्या चपला लाथेनं उडवल्या आणि गाडीत बसला. परमेश्वर हातात सुपारी धरून उभा. सुंदरी सगळ्यांत शेवटी गाडीत चढली. चढताना वळून माझ्याकडं बघितलं. हसली का? हसलीच असणार, चेटकीण!

माझं "चुकलं" माझ्या घशातच राहिलं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दोनदा! एकाच बाईनं, एकाच हुमाणानं, एकाच घराला दोनदा!

शिव्या लिहायच्या होत्या, पण या पानावर बेडूक आहे.

७ सप्टेंबर, रविवार

परमेश्वर तीन दिवस कुणाशी बोलला नाही. आज जेवताना अचानक म्हणाला, "तांब्या मनिषाला लागला असता." बस, एवढंच. मग रोहिणीला म्हणाला, "पेपरला किती वाजता जावं लागतंय? मी येतो सोडायला."

मनिषानं त्याला न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

१४ सप्टेंबर, रविवार

पेपर झाला. परमेश्वर सकाळी मोटारसायकलवर घेऊन गेला. मी गणपतीच्या फोटोपुढं बसले, मग उठले, मग शेळीला उगंच ओरडले.

आली ती हसतच. "आजी, सहा समसंबंध होते. सहाचे सहा केले. एक तर — मूठ : तलवार. तसं पर्यायात दांडा : छत्री. मला एकदम खुंटाच आठवला!"

सुंदरीचं हुमाण पेपरात उपयोगी पडलं म्हणायचं. तिला नाही कळवणार मी. कशाला सुख द्या!

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज नवीनच कळलं. पेपरची बरोबर उत्तरं जाहीर झाली, मोबाईलवर. त्याला उत्तरतालिका म्हणतात. रोहिणीनं ताडून बघितलं, गुण बरे आहेत, निकाल यायचाय. पण खरी गंमत पुढं. सरकारनं दिलेलं उत्तर चुकीचं वाटलं तर आपण हरकत घेऊ शकतो! लिहून पाठवायचं, पुरावा जोडायचा. बरोबर असेल तर सरकार आपलं उत्तर बदलतं!

मी विचारलं, "किती दिवसांत घ्यायची असती?"

"दोन-तीन दिवस."

"अठ्ठेचाळीस वर्षं झाली असली तर?"

ती हसली. पण मी लिहायला बसले. हरकत — प्रश्न नांगराचा. उत्तर खुंटा. पुरावा — जातं, आमच्या पडवीत आहे, येऊन बघावं. सुंदरी भेटेल तिथं, देवळात, बाजारात, चार माणसांत हे वाचून दाखवणार. पाठच केलं.

मग एक गोष्ट डोक्यात अडकली. ठिपके लावले की बाकीचं आपोआप निघतं, तसं हे पण लावून बघितलं —

सुंदरी : माझं उत्तर :: सुंदरी : रोहिणीचं उत्तर

रोहिणी म्हणते आधी पहिल्या जोडीचं वाक्य करायचं. केलं. सुंदरीनं बरोबर उत्तराला चुकलं म्हणलं, म्हणून भिवरा त्या घरात गेली नाही. आता शब्द न हलवता दुसऱ्या जोडीला. सुंदरीनं बरोबर उत्तराला चुकलं म्हणलं, म्हणून रोहिणी त्या घरात गेली नाही.

दोन्ही वाक्यं बराच वेळ बघत बसले. बरोबर बसतात. मला आवडत नाहीत. वही मिटते.

२० सप्टेंबर, शनिवार

दुपारी सुंदरीचा फोन. रोहिणीनं माझ्या कानाला लावला. हरकत म्हणायला मी तोंड उघडलं, तर तीच आधी बोलली.

"खुंटाच. तवा बी खुंटाच होता."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"सतरा वर्षांची होते मी. भावाचा हात कसा हाय ते माझ्या पाठीला ठाऊक होतं. घरात बोलायची सोय नव्हती. हुमाण घालायची तेवढी होती. तुझ्यानंतरची बघायला घरचे गेले तवा मला नेलंच न्हाई. तिचा पाय घसरला नव्हता, भिवरा."

मग नुसता तिच्याकडच्या पंख्याचा आवाज.

"पोरीचा पेपर कसा गेला?"

"बरा गेला," मी म्हणलं.

सोमवारी येते म्हणाली. घट बसतात त्या दिवशी. एकटी.